लंडनला शिकायला जाताना नाटकाचं वेड घरी ठेवून जायचं का? धुळ्याच्या एका मुलीला उत्तर

तुझे प्रश्न असे: सप्टेंबरमध्ये कर्ज काढून एक वर्षाच्या मास्टर्सला लंडनला निघालीस. कॉलेजात असताना युवारंगच्या, म्हणजे विद्यापीठाच्या युवक महोत्सवाच्या, एकांकिकेत दरवर्षी होतीस. आता तिकडे गेल्यावर नाटकं, शहर असं काही बघता येतं का, की नुसतं वर्ग, लायब्ररी आणि पार्टटाइम नोकरी? खर्च किती? रात्री प्रयोग संपल्यावर एकटीने परतता येतं का? आणि बाबा विचारतात की शिकायला चाललीस का फिरायला. मी अमळनेरची. तुझ्यासारखीच मास्टर्सला आले, मग नोकरी लागली आणि इथेच राहिले. लांबण लागेल, पण सगळ्याचं सांगते.

बघता येतं. भरपूर बघता येतं. फक्त "अभ्यासातून वेळ मिळेल तेव्हा" असं म्हणणाऱ्याला कधीच बघता येत नाही. एक वर्षाचं मास्टर्स म्हणजे प्रत्यक्षात वर्गाचे दोन सत्र, प्रत्येकी दहा-अकरा आठवड्यांचे. जानेवारीत निबंध द्यायचे असतात, मे-जूनमध्ये परीक्षा, आणि उन्हाळा सगळा प्रबंधात जातो. माझ्या वर्गातल्या बऱ्याच जणांनी फिरणं प्रबंधानंतरच्या महिन्यावर ढकललं होतं. तो महिना आला तेव्हा सगळे नोकरीचे अर्ज आणि नवीन खोली शोधण्यात अडकलेले. म्हणून नाटक हे लेक्चरसारखं वेळापत्रकात लिहायचं. वार ठरवून.

वाराचं इतकं का सांगते, ते ऐक. इथल्या विद्यापीठांत बुधवारची दुपार खेळांसाठी मोकळी ठेवायची पद्धत आहे. मास्टर्सला ती सगळीकडे पाळतात असं नाही, पण वेळापत्रक हातात आलं की आधी बुधवार बघ. कारण वेस्ट एंडची, म्हणजे मध्य लंडनच्या नाटकवाल्या भागातली, थिएटरं आठवड्यातून दोनदा दुपारचा प्रयोग करतात, एक शनिवारी आणि दुसरा बहुधा बुधवारी किंवा गुरुवारी, अडीचच्या सुमारास. शनिवारी पर्यटकांची गर्दी. आठवड्यातल्या दुपारी निवृत्त आजी-आजोबा, शाळेची एखादी सहल, आणि आपण. तिकीट तुलनेने स्वस्त, जागा मिळते, आणि साडेपाचला बाहेर पडलीस की संध्याकाळ परत अभ्यासाला मोकळी. बाबाले सांग, पोर अभ्यास करी ऱ्हायनी. खोटं नाही ते.

आता माझा भरलेला आठवडा कसा असायचा ते सांगते. सगळे असे नव्हते, निबंधांच्या दिवसांत तर काहीच नाही. पण सत्राच्या मध्यावर बहुतेक ठिकाणी एक वाचन-आठवडा असतो, वर्ग नसतात. त्या आठवड्यात हे सगळं बसतं.

सोमवारी रॉयल कोर्ट. स्लोन स्क्वेअर स्टेशनातून बाहेर पडलं की लगेच शेजारी. १९५६ पासून हे थिएटर नव्या लेखकांची नाटकं करतं, आणि सोमवारची तिकिटं स्वस्त ठेवतं. नामवंत नट, झगझगीत सेट असलं काही डोक्यात ठेवून जाऊ नको. कधी अर्ध्या तासात कळतं की आजचं फसलंय. पण एकांकिका करणाऱ्या माणसाला इथे जितकं शिकायला मिळतं तितकं मोठ्या म्युझिकलमध्ये मिळत नाही, हे माझं ठाम मत. तिथे नाटकाची संहिताच कार्यक्रमपत्रिका म्हणून विकायला असते. ती घे आणि प्रयोगाआधी बारमध्ये बसून पहिली दहा पानं वाचून काढ. ग्लासगो, बेलफास्ट, जमैकन अशा बोलींची नाटकं असतात. कितीही चांगलं इंग्रजी असलं तरी पहिली वीस मिनिटं कान बधिर. ते सगळ्यांचंच होतं. पुण्याच्या माणसाला एकदम अहिराणी नाटकाला बसवलं तर काय होईल, तसंच.

ह्यावर अजून एक उपाय आहे आणि तो आपल्याकडच्या मुलांना कोणी सांगत नाही. जवळपास प्रत्येक मोठ्या नाटकाचा एखादा प्रयोग कॅप्शनचा असतो, म्हणजे रंगमंचाच्या कडेला पडद्यावर संवाद उमटत राहतात. ज्यांना ऐकू कमी येतं त्यांच्यासाठी ती सोय आहे, पण तो प्रयोग सगळ्यांनाच खुला असतो. शेक्सपियरच्या नाटकाला तरी पहिल्यांदा असाच प्रयोग शोध. नॅशनल थिएटरमध्ये तर संवाद दाखवणारे चष्मेही मिळतात.

मंगळवारी काही नाही. कपडे, निबंध, घरी फोन.

बुधवारी नॅशनल थिएटर. टेम्सच्या दक्षिण काठावर, वॉटर्लू पुलाला लागून. ऑलिव्हिए, लिटलटन, डॉर्फमन अशी एकाच इमारतीत तीन नाट्यगृहं, वास्तुकार डेनिस लासडन, १९७६ मध्ये उघडलेली. सगळी उघड्या काँक्रीटची. आताचे राजे चार्ल्स युवराज होते तेव्हा त्यांनी तिला अणुवीज केंद्रासारखी म्हणून हिणवलं होतं. मी भुसावळला जाता-येता दीपनगरच्या वीजकेंद्राची धुराडी बघत वाढलेली, मला ती पहिल्या दिवसापासून आवडली. आणि तिथून पंधरा मिनिटांवर असलेलं टेट मॉडर्न तर खरोखरच जुनं वीजकेंद्र! १९८१ मध्ये बंद पडलं आणि २००० मध्ये तिथे कलासंग्रहालय झालं. टर्बाइनचा तो अवाढव्य हॉल तसाच ठेवलाय. आत जायला पैसे नाहीत.

नॅशनलच्या तिकिटाची युक्ती: दर शुक्रवारी दुपारी १ वाजता पुढच्या आठवड्याच्या प्रयोगांची काही तिकिटं १० पौंडांना ऑनलाइन निघतात. रांग डिजिटल असते, म्हणून पाच मिनिटं आधीच लॉगिन करून बस. २५ वयापर्यंतच्या मुलांसाठी वेगळी स्वस्त तिकिटंही असतात. आणि तिकीट नसलं तरी त्या इमारतीत जाऊन बसता येतं. खालच्या मजल्यावर टेबलं, वायफाय, शौचालय, कोणी उठवत नाही. माझा अर्धा प्रबंध तिथे लिहिलाय. थोडं पुढे द कट नावाच्या रस्त्यावर त्यांचं अभिलेखागार आहे. आधी वेळ ठरवून गेलीस तर जुन्या नाटकांची चित्रमुद्रणं फुकट बघायला मिळतात. नाट्यस्पर्धेत प्रकाशयोजना करणाऱ्या पोरांना हे सांगितलं की त्यांना झोप लागत नाही.

त्याच दिवशी फिरणंही उरकतं. वेस्टमिन्स्टर पुलावरून निघ, डावीकडे नदी ठेवत पूर्वेला चालत राहा. नॅशनलच्या दाराशी वॉटर्लू पुलाखाली जुन्या पुस्तकांचा बाजार, मग टेट, मग मिलेनियम पूल. हा पूल २००० मध्ये उघडला, लोक चालायला लागल्यावर डुलायला लागला, दोन दिवसांत बंद केला आणि २००२ मध्ये दुरुस्त करून परत उघडला. पलीकडे सेंट पॉल. अलीकडे ग्लोब, बरो मार्केट, शेवटी टॉवर ब्रिज. पोस्टकार्डावरचं निम्मं लंडन ह्या चार-पाच किलोमीटरमध्ये येतं आणि एक पेनी लागत नाही. नदीकाठच्या त्या मोठ्या पाळण्यात, लंडन आयमध्ये, बसण्याच्या पैशात तीन नाटकं होतात. उंचावरून शहर बघायचंच असेल तर स्काय गार्डन फुकट आहे, फक्त आधी बुकिंग करावं लागतं.

ग्लोबबद्दल मात्र थांबून सांगते, कारण तुझ्याकडे त्यासाठी दिवस कमी आहेत. मूळ ग्लोब म्हणजे शेक्सपियरच्या नाटकमंडळीचं नाट्यगृह, १५९९ चं. १६१३ मध्ये प्रयोग चालू असताना तोफ उडवली, छपराने पेट घेतला आणि सगळं जळालं. आताचं त्याच्याजवळच पुन्हा बांधलेलं, १९९७ मध्ये उघडलेलं. मधलं अंगण उघडं, वर आकाश, तिथे उभं राहून बघायचं. उभ्याची तिकिटं पाच-दहा पौंडांपासून असतात. अंगणाचा हंगाम उन्हाळ्यापुरताच, ऑक्टोबरमध्ये संपतो. म्हणजे तू पोचशील तेव्हा थोडेच आठवडे राहिलेले असतील. नवीन बँक खातं, नवीन सिमकार्ड सगळं करत असशील, तरी पहिल्या आठवड्यातच एक संध्याकाळ तिथे काढ. नंतर उघडेल तेव्हा तुझ्या परीक्षा जवळ आलेल्या असतील.

उभं राहायचं म्हणजे तीन तास. खाली बसू देत नाहीत. पाऊस आला तरी छत्री उघडू देत नाहीत, कारण मागच्याला दिसत नाही, रेनकोट घालायचा. पण ज्याने आपल्या गावच्या जत्रेत तमाशाच्या कनातीत उभ्याने वग बघितलाय त्याला ह्यात अवघड काय आहे? उलट तुला ओळखीचं वाटेल. नट अंगणातून वाट काढत येतात, लोकांशी बोलतात, कोणाची तरी टोपी उचलतात. वरच्या बाकांवर पैसे भरून बसलेली मंडळी गप्प असतात आणि खाली आमची चंगळ. मी आजही परवडत असून बसायचं तिकीट काढत नाही. रंगमंचाच्या कठड्याला टेकायची जागा हवी तर दार उघडण्याआधी अर्धा तास रांगेत लाग.

गुरुवारी एक म्युझिकल. हे एकदा कर, म्हणजे चुकलं असं वाटणार नाही. लेस्टर स्क्वेअरमध्ये त्याच दिवसाची तिकिटं सवलतीत विकणारी एक खिडकी आहे, टीकेटीएस नावाची. फोनवरच्या अॅपवरही सकाळी काही तिकिटं स्वस्तात सुटतात. आजूबाजूला "डिस्काउंट" लिहिलेली दुकानं दिसतील, तिकडे वळू नको. तिकिटावर "दृश्य अर्धवट" अशा अर्थाची सूचना असेल तर तो खांब खरोखरच समोर असतो हे लक्षात ठेव. जुन्या थिएटरांतला सगळ्यात वरचा मजला भलताच उभा असतो, गुडघ्याला समोरच्याचं डोकं लागतं. उंचीची भीती असेल तर दोन पौंड जास्त दे आणि एक मजला खाली ये. प्रयोग वेळेवर सुरू होतो. तिसऱ्या घंटेनंतर चहा संपवून येणाऱ्यांना बाहेर उभं करतात आणि मध्येच एखाद्या टाळीच्या वेळी आत सोडतात. मध्यंतरात वडा नाही, छोट्या डब्यातलं आइस्क्रीम मिळतं, महाग. पाणी फुकट मागता येतं.

शुक्रवारी संग्रहालयं. मोठी संग्रहालयं फुकट आहेतच, पण शुक्रवारी त्यातली बरीच रात्रीपर्यंत उघडी असतात: नॅशनल गॅलरी ९ पर्यंत, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट १० पर्यंत. दिवसाचे वर्ग झाले की जायचं. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये रंगभूमीची स्वतंत्र दालनं आहेत, वेशभूषा, नेपथ्याच्या छोट्या प्रतिकृती, जुनी जाहिरातपत्रकं. तुला तिथून ओढून बाहेर काढावं लागेल. आणि खान्देशच्या माणसाला तिथे जायला आणखी एक कारण आहे. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला कंपनी सरकारने १८४४ मध्ये मद्रास सैन्यातल्या रॉबर्ट गिल ह्या अधिकाऱ्याला नेमलं. त्याने वर्षानुवर्षं लेण्यांत बसून मोठमोठे कॅनव्हास रंगवले आणि लंडनला पाठवले. ते इथल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगलेले असताना १८६६ च्या आगीत बहुतेक जळून गेले. त्याच्या वाचलेल्या थोड्या चित्रांपैकी काही ह्या संग्रहालयाकडे आहेत. गिल १८७९ मध्ये वारला, भुसावळला, आणि त्याची कबर तिथेच आहे. गिल आणि त्याची प्रेयसी पारो ह्यांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते, पण कबरीवर किती जण गेलेत? निघण्याआधी एक दिवस काढून तिकडे जाऊन ये, म्हणजे इथे आल्यावर ती चित्रं बघायची ओढ लागेल. सगळ्याच वस्तू मांडलेल्या नसतात, तेव्हा जाण्याआधी त्यांच्या ऑनलाइन यादीत नाव टाकून बघ.

शनिवारी शहराबाहेर. शेक्सपियरच्या गावाला, स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनला, मॅरिलबोन स्टेशनावरून रेल्वेने दोन-सव्वादोन तास लागतात. सकाळी निघालीस की त्याचं जन्मघर बाहेरून, नदी, चर्चमधली कबर आणि दुपारचा रॉयल शेक्सपियर कंपनीचा प्रयोग असं सगळं करून रात्री घरी. जन्मघराच्या आत जायचं तिकीट मला तरी जास्त वाटलं. ते पैसे नाटकात घाल. रेल्वेचं तरुणांचं सवलतकार्ड पहिल्याच आठवड्यात काढ. एकतृतीयांश भाडं वाचतं, आणि ते ऑयस्टर कार्डाला, म्हणजे शहरातल्या प्रवासाच्या कार्डाला, जोडून घेतलं तर गर्दीच्या वेळा सोडून ट्यूबलाही, म्हणजे भुयारी रेल्वेलाही, सवलत लागू होते. हे जोडायचं स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला सांगावं लागतं, आपोआप होत नाही.

रविवारी वेस्ट एंड बरंचसं बंद असतं. मी रविवारी कणिक मळून बट्ट्या करते. इथल्या ओव्हनमध्ये आपल्यापेक्षा छान होतात. भरीत मात्र जपून. गॅसची ज्योत नसते, ग्रिलखाली वांगं भाजलं की धुराचा अलार्म वाजतो आणि अख्खी इमारत पायजम्यात खाली. काळा मसाला, बिबडे, कळण्याचं पीठ, शेव बिनधास्त आण. तूप, पेढे, खवा आणू नको, दुधाचे पदार्थ भारतातून आणायला बंदी आहे.

जेवून झाल्यावर एखाद्या रविवारी प्रिमरोझ हिलकडे जा. १०, किंग हेन्रीज रोड ह्या घरात बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये विद्यार्थी म्हणून राहत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते घेतलं आणि तिथे संग्रहालय केलं. तू धुळ्याची आहेस, लळिंगजवळच्या लांडोर बंगल्यावर ३१ जुलैला जमणारी माणसं तू बघितली असशील. १९३७ मध्ये त्या बंगल्यावर मुक्कामाला आलेला बॅरिस्टर इथल्या खोलीत बसून अभ्यास करत होता. उघडण्याच्या वेळा बघूनच जा. बाहेर पडल्यावर दोन पावलांवर टेकडी, वरून सगळं शहर दिसतं.

आता पैशांचं. पहिला महिनाभर तू प्रत्येक किमतीला शंभराच्या वर गुणशील आणि कॉफीसुद्धा घशाखाली उतरणार नाही. खोलीभाडं हाच खरा खर्च, बाकी सगळं त्याच्यापुढे किरकोळ. वर सांगितलेल्या मार्गांनी आठवड्याला दोन नाटकं धरलीस तर २५ ते ३० पौंड. बाहेरचं एक बरं जेवण तेवढ्यात जातं, त्यामुळे डबा घरून नेणाऱ्याला नाटक परवडतं, हा माझा साधा हिशोब. बसचं भाडं १.७५ पौंड आणि तासाभरात कितीही बस बदलल्या तरी तेवढंच. रोख चालत नाही.

नोकरीचं: विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, सोमवार ते रविवार असा आठवडा मोजतात. नाटकवेड्याला सगळ्यात चांगली नोकरी म्हणजे थिएटरमध्ये प्रेक्षकांना जागा दाखवण्याची. पगार मिळतो आणि तेच नाटक रोज वेगळ्या कोपऱ्यातून दिसतं. कोणता विनोद कधी पडतो, नट त्या दिवशी काय करतो, सगळं कळायला लागतं. पण एक नियम नीट वाच: ह्या व्हिसावर व्यावसायिक कलाकार म्हणून काम करता येत नाही, आणि स्वतंत्र व्यवसायही नाही. कोणी "शंभर पौंड देतो, छोटी भूमिका कर" म्हटलं तरी नाही म्हणायचं. विद्यापीठाच्या नाट्यमंडळात हौसेने काम करायला हरकत नाही, तिथे पहिल्या आठवड्यातच नाव दे. महाराष्ट्र मंडळ लंडन १९३२ पासून आहे, तिथेही नाटकवाले भेटतात.

रात्री परतायचं विचारलंस. प्रयोग साडेसातला सुरू होऊन दहा-साडेदहाला सुटतो, तेव्हा मध्य लंडनमध्ये रस्ते गच्च भरलेले असतात. ट्यूब मध्यरात्रीपर्यंत चालते, शुक्रवारी आणि शनिवारी काही मार्गांवर रात्रभर. नंतर रात्रीच्या बस, त्यांच्या नंबराआधी "एन" असतो. मी एकटी येत-जात आलेय. अडचण थिएटरजवळ नसते, शेवटच्या दहा मिनिटांच्या चालण्यात असते. म्हणून खोली घेताना भाडं थोडं जास्त पडलं तरी स्टेशन किंवा बसथांब्यापासूनचा रस्ता रात्री नऊनंतर स्वतः चालून बघ. भारतातून घेत असशील तर तिथे राहणाऱ्या कोणाला तरी चालून बघायला सांग, मला सांगितलंस तरी चालेल. फोन हातात धरून फुटपाथच्या कडेने चालू नको, सायकलवरून हिसकावतात.

ऋतूचं एक ध्यानात ठेव. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि डिसेंबरात चारच्या आत अंधार पडतो. बागा, नदीकाठ, ग्रिनिच, स्ट्रॅटफर्ड असं सगळं उघड्यावरचं त्याआधी किंवा एप्रिलनंतर. मधले महिने नाट्यगृहांचे आणि संग्रहालयांचे.

आणि तिकिटांच्या सवलती २५ वयाला संपतात, बहुतेक ठिकाणी. तू तेवीसची म्हणतेस, म्हणजे वर्षभर त्यात बसतेस. नॅशनल, रॉयल शेक्सपियर कंपनी, बार्बिकन कलाकेंद्र, तिघांच्याही तरुणांच्या योजनांत घरूनच नाव नोंदवून ठेव, फुकट आहे. पत्ता लंडनचा लागला तर विद्यापीठाच्या वसतिगृहाचा टाक.